दाद कोणाकडे मागायची?

नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागायची? ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली असेल. मी ती वर्गात शिकवली आहे. म्हणीचा अर्थ सांगून तिचा वाक्यात उपयोग करावा, असा प्रश्न परीक्षेत असतो. ‘जिच्याविरुद्ध तक्रार करण्यास जागा नाही अशी आपत्ती’ असा अर्थ मी फळ्यावर लिहून देत असे आणि मुले तो उतरवून घेत. त्या म्हणीत नवऱ्याचा मार पावसाच्या पंक्तीला बसवलेला आहे, म्हणजे तो कोणी केलेला अपराध नसून आभाळातून कोसळणारी गोष्ट मानली आहे, हे मात्र मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या माझ्यासारख्या माणसाच्या ध्यानात कित्येक वर्षे आले नाही. ते आणून दिले एका माजी विद्यार्थिनीने.

गेल्या पावसाळ्यात ती शाळेच्या कार्यालयात आली. नोकरीच्या अर्जासाठी तिला स्टडी सर्टिफिकेट हवे होते. तिचे नाव आणि गाव येथे सांगत नाही. पैनगंगेच्या अलीकडचे, आपल्याच माणसांचे गाव, एवढे पुरे. रजिस्टरमधील तिची नोंद शोधता शोधता मी विचारले, “आई कशी आहे?” ती म्हणाली, “बरी हाय सर. मामाकडंच राहते.” मग मी विचारू नये ते विचारले. त्या खटल्यात वडिलांना शिक्षा झाली नाही, याचे तिला वाईट वाटते काय? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “आईले काई बाबाले जेलात धाडाचं नव्हतं, सर. मार थांबला पाहिजे, एवढंच तिले पाहिजे होतं.”

सर्टिफिकेट घेऊन ती गेली. त्या दिवशी माझे दुसरे कोणतेही काम झाले नाही.

ही मुलगी २००९ साली सहावीत होती. सहामाही परीक्षेत पत्रलेखनाचा प्रश्न होता: ‘सुट्टीत आपल्या गावी येण्याचे निमंत्रण देणारे पत्र मामास लिहा.’ तिने मायना बिनचूक लिहिला होता. तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. त्याखाली मात्र निमंत्रण नव्हते. मामा, तू सुट्टीची वाट पाहू नको, लवकर ये, आईचा हात सुजला आहे, बाबा रोज रात्री मारतात, असे चारपाच ओळींत लिहिले होते. मी तांबड्या शाईने ‘विषय सोडून लिहिले आहे’ असा शेरा मारला आणि दोन गुण कापले. त्या मुलीने काय लिहिले आहे हे मला कळले नाही, असे मी म्हणणार नाही. कळले होते. घरची गोष्ट आहे, आपण मास्तर माणसाने त्यात कशाला पडावे, असे मनाशी म्हणून मी पुढची उत्तरपत्रिका घेतली.

दोन महिन्यांनी त्या बाईचा हात मोडला. भाऊ पैनगंगा ओलांडून आला, बहिणीला व भाचीला घेऊन गेला आणि आदिलाबादेस तक्रार नोंदवली गेली. काही दिवसांनी तो माझ्याकडे आला. “गुरुजी, पोरीनं पेपरात लिहिलं व्हतं म्हणते. तो कागद असंल तर साहेबाले दाखवा.” मी त्याला सांगितले की उत्तरपत्रिका आता सापडणे कठीण आहे, शिवाय मी सरकारी नोकर पडलो. उत्तरपत्रिका माझ्या कपाटातच होत्या. बारा वर्षांच्या मुलीच्या त्या कागदाचे न्यायालयात किती वजन पडले असते, हे मी सांगू शकत नाही. पण तो कागद मी दिला नाही, एवढे खरे.

घरातल्या बाईने लिहिलेल्या पत्रांचे न्यायालयात काय होते, याचे आपल्या मराठी मुलखातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मंजुश्री सारडा प्रकरण. मी तेव्हा शाळकरी होतो. पण वर्तमानपत्रातील त्या बातम्या घरात मोठ्याने वाचल्या जात, हे मला आठवते. बीडचे माहेर असलेल्या मंजुश्रीचा विवाह फेब्रुवारी १९८२ मध्ये झाला आणि त्याच वर्षी जूनच्या ११ व १२ तारखांमधल्या रात्री पुण्यात सासरच्या घरी तिचा मृत्यू झाला. लग्नाला पुरते चार महिने झाले होते. मृत्यू पोटॅशियम सायनाईड या विषाने झाला होता. मरणापूर्वी तिने बहिणीला व मैत्रिणीला पत्रे लिहिली होती आणि त्यांत आपली घुसमट सांगितली होती. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीस खुनाबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८४ मध्ये पतीची निर्दोष मुक्तता केली.

या निकालावर त्या काळी पुष्कळ संताप व्यक्त झाला. परंतु तो नीट समजून घेतला पाहिजे. केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर एखाद्यास दोषी ठरवायचे, तर त्या पुराव्याची साखळी कशी अखंड असावी, याच्या पाच कसोट्या न्यायमूर्ती फजल अली यांनी या निकालात सांगितल्या. त्यांना त्यांनी ‘पंचशील’ असे नाव दिले आणि देशातील न्यायालये आजही त्यांचा आधार घेतात. मंजुश्रीची पत्रे पुरावा म्हणून विचारात घेतली गेली. पण त्यांतील दुःख वाचून न्यायालयास असे वाटले की, या हळव्या स्वभावाच्या मुलीने स्वतःच जीव दिला असण्याचा संभव उरतो. आणि संशय उरला की त्याचा फायदा आरोपीला. निरपराध माणूस फासावर जाऊ नये यासाठी न्यायाचे हे तत्त्व आवश्यकच आहे.

मला अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. त्या पत्रांतील दुःखाचे पुढे काय झाले? ती सुखी नव्हती, याविषयी दुमत नव्हते. पण खून सिद्ध झाला तर फाशी आणि न झाला तर काहीच नाही, अशा दोन टोकांमध्ये त्या चार महिन्यांचे मोजमाप करण्यास कायद्यापाशी फारसे काही नव्हते. मारहाणीची व आत्महत्येस प्रवृत्त करण्याची कलमे जुन्या दंडसंहितेत होती, हे खरे. पण घराच्या चार भिंतींच्या आत दिवसेंदिवस चालणारा छळ हा स्वतःच एक गुन्हा आहे, असे म्हणणारे कलम १९८२ साली नव्हते. ते आले डिसेंबर १९८३ मध्ये. पतीने वा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेशी क्रूरपणे वागणे यास तीन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगणारे हेच ते कलम ४९८-अ. त्यातली क्रूरता केवळ हाडे मोडण्यापुरती नाही. मनाच्या छळाचाही तीत समावेश आहे. मंजुश्रीस जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते.

पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी त्या सुमारास नारी समता मंच उभा केला आणि ‘मी एक मंजुश्री’ या नावाचे प्रदर्शन गावोगाव फिरवले. ते आमच्या जिल्ह्यापर्यंत आले नाही. आले असते तरी आम्ही पुरुषांनी ते पाहिले असते की नाही, शंकाच आहे.

त्या आधीच्या काळाकडे पाहावे, तर नवरा-बायकोच्या दाव्यात मुंबईच्या न्यायालयाने सुनावलेली सर्वांत प्रसिद्ध कैद बायकोला होती. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पण अपिलानंतर खटला पुन्हा चालून १८८७ साली निकाल फिरला. पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा तो हुकूम होता. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. तेव्हापासून १९८३ पर्यंत कायद्याने किती वाट चालली, हे यावरून दिसते. पण शंभर वर्षे चालूनही तो जेमतेम आपल्या उंबरठ्यापाशी पोहोचला होता.

१९८६ साली हुंडाबळीचे स्वतंत्र कलम आले. लग्नापासून सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू आणि त्यापूर्वी हुंड्यासाठी छळ, असे असेल तर किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तीत क्रूरतेचा गुन्हा कलम ८५ व ८६ मध्ये आणि हुंडाबळी कलम ८० मध्ये आहे. आकडे बदलले, शिक्षा त्याच राहिल्या.

येथे वाचकांपैकी अनेकांच्या मनात येईल की, तीन वर्षे ही काय शिक्षा झाली? असल्यांना भर चौकात फाशी दिली पाहिजे! हे उद्गार आपण दिवाणखान्यात नेहमी ऐकतो. राजस्थानच्या उच्च न्यायालयाने सून जाळल्याच्या एका खटल्यात खरोखरच तसा हुकूम दिला होता. फाशी लोकांसमक्ष, उघड्या मैदानात द्यावी, असा. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली तो अडवला. गुन्हा रानटी असला म्हणून त्याला उत्तर रानटी शिक्षेने देणे घटनेत बसत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. पुढे १९८८ साली ती फाशीही जन्मठेपेवर आली. १९९४ साली हुंडाबळीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. हुंडाबळीच्या कलमाखाली जन्मठेप ही क्वचित प्रसंगीच द्यावी, सरसकट नव्हे. त्या आरोपीची जन्मठेप कमी करून दहा वर्षे करण्यात आली.

दोष सिद्ध झाल्यावर किती शिक्षा द्यावी, याचे न्यायाधीशांस निराळे ऐकून घ्यावे लागते. आरोपीचे वय, पूर्वीचे वर्तन, घरातील म्हातारी माणसे व मुले, हे सारे एका पारड्यात पडते. छळ किती वर्षे चालला, किती निर्दयपणे चालला, मुलांच्या देखत चालला काय, हे दुसऱ्या पारड्यात. पहिल्या पारड्यात टाकावयास माणसे पुष्कळ मिळतात. तो एकटा मिळवता आहे, मुले उघड्यावर पडतील, असे सांगणारे गावात दहा जण निघतात. दुसऱ्या पारड्यात टाकावयास लागतात ती रात्री भिंतीपलीकडून ओरडणे ऐकलेली माणसे, आणि ती ऐनवेळी बहिरी होतात. न्यायाधीश आपल्या पदरचे वजन त्या पारड्यात टाकू शकत नाहीत.

शिक्षा जितकी मोठी, तितका साक्षीदार मागे सरतो, असाही माझा अनुभव आहे. माझ्याच मनात तेव्हा काय होते? या माणसाची आपण ओळख ठेवून आहोत, बाजाराच्या दिवशी तो रामराम करतो, आपल्या एका कागदाने तो तुरुंगात जायचा. हाड मोडणे म्हणजे गंभीर दुखापत, आणि तिला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला ठाऊक होते. त्या सात वर्षांचे मला भय वाटले. त्या बाईच्या अकरा वर्षांच्या संसाराचे वाटले नाही.

खटल्याचा शेवट सांगतो. आंध्र प्रदेशाने २००३ साली कायद्यात दुरुस्ती करून ४९८-अचा खटला पत्नीच्या इच्छेने व न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येईल, असे केले होते. मात्र अर्ज केल्यावर किमान तीन महिने थांबावे लागे. कोणी दडपणाखाली तडजोड करीत असेल तर तिला फेरविचारास वेळ मिळावा, हा त्यामागील हेतू. आमच्या या प्रकरणात ते तीन महिने नात्यातल्या व जातीतल्या मंडळींनी वापरले. उद्या पोरीचे लग्न कसे होईल, हा प्रश्न रोज तिच्यापुढे ठेवण्यात आला. साक्षीदार कोणी नव्हताच. चौथ्या महिन्यात तिने कागदावर सही केली. नवरा गावात ‘सुटलो’ म्हणून सांगत फिरला आणि आम्ही सर्वांनी, चला, मिटले एकदाचे, असे म्हटले. ती मात्र परत नांदावयास आली नाही. भावाकडे राहून तिने शिलाईवर मुलीला शिकवले.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे येतो. मार थांबला पाहिजे, एवढेच तिच्या आईला हवे होते. हे काही जगावेगळे मागणे नव्हते, आणि त्यासाठीच केलेला कायदा तेव्हा देशात तीन वर्षे लागू होता. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात नवऱ्याला प्रथम तुरुंगात धाडण्याचा प्रश्नच नाही. मारू नकोस, तिच्या वाटेस जाऊ नकोस, तिला राहत्या घरातून काढू नकोस, तिच्या व मुलांच्या खर्चाचे पैसे दे, असे हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात. अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच सांगतो. संरक्षणाचा हुकूम मोडला तर मग एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फाशीच्या मानाने ही शिक्षा किरकोळ दिसते. पण पहिल्या थपडेनंतर ती दाराशी उभी असती, तर हात मोडण्याची वेळ आली नसती, असे मला आज वाटते. आमच्या गावात त्या बाईला हा कायदा कोणी सांगितला नाही. मुख्याध्यापकांनीही नाही.

आपणा सीमेवरच्या मराठी कुटुंबांसाठी दोनतीन गोष्टी मुद्दाम नोंदवतो. आपल्या मुली किनवट, पांढरकवडा, वणीकडून इकडे येतात आणि इकडच्या तिकडे जातात. सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या. तेव्हा तक्रार सासरच्या गावीच द्यावी लागते, अशी समजूत आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे की, छळामुळे घर सोडावे लागलेली स्त्री जेथे आश्रयास राहते, तेथील न्यायालयातही क्रूरतेचा खटला चालू शकतो. २००५ च्या कायद्याखालचा अर्जही ती तात्पुरती राहत असेल त्या ठिकाणी करता येतो. दुसरे असे की, ठाण्यात फिर्याद तेलुगूत लिहिली जाते आणि आपली बाई खाली सही करते. फिर्याद तिला वाचून दाखवली गेली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे, हा तिचा हक्क आहे. तिसरे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो; त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक घरात पाठ असावा.

खोट्या तक्रारींचे काय, असे कोणी विचारील. त्या होत नाहीत, असे मी म्हणत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले की, तक्रार आली म्हणून पोलिसांनी सरसकट अटक करू नये. अटकेची गरज काय, याची कारणे नोंदवावीत. खरी तक्रार व खोटी तक्रार यांचा निवाडाही शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खरे बोलण्यावरच अवलंबून असतो. आपण गप्प बसलो तर निरपराध नवऱ्यालाही आपला उपयोग नाही.

२००५ च्या कायद्यात चौथे कलम आहे. घरात हिंसाचार घडत आहे, घडला आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे ज्याला सकारण वाटते, असा कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्यास तशी माहिती देऊ शकतो. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. कोणीही मनुष्य, यात शेजारी आला, मामा आला, आणि उत्तरपत्रिका तपासणारा मास्तरही आला. सरकारी नोकरीची जी सबब मी त्या भावाला सांगितली, तिला कायद्यात आधार नव्हता. ती माझी मी तयार केली होती.

यंदाच्या सहामाहीतही पत्रलेखनाचा प्रश्न होता. शाळेतल्या शिक्षकांना मी बोलावून एक गोष्ट सांगितली आहे. एखाद्या मुलाने विषय सोडून काही लिहिले असेल, तर शेरा मारण्यापूर्वी ती उत्तरपत्रिका माझ्याकडे आणावी. म्हणींचा पाठही मी आता निराळा शिकवतो. दाद कोणाकडे मागायची, असा प्रश्न आला की मुले माझ्या तोंडाकडे पाहतात. मी फळ्यावर १८१ हा आकडा लिहितो आणि त्याच्याखाली, विचार करून, शाळेचाही फोन नंबर लिहितो.